वाचकांचे प्रश्न: मांस कारखान्यातले हात, तास आणि पगार

गेल्या अंकात मोठ्या मांसप्रक्रिया कारखान्यांतल्या कामगारांवर लेख होता. न थांबणारी लाईन, थंडी, तुटपुंजी मजुरी आणि कंत्राटी भरती हे त्याचे विषय. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं औद्योगिक आरोग्य आणि कामगार कायदा पाहणाऱ्या आमच्या दोन सल्लागारांनी मिळून दिली आहेत. दाखले बहुतेक अमेरिका, ब्राझील आणि जर्मनीचे आहेत, कारण तिथल्या चौकशा, नियम आणि निकाल तपशिलात उपलब्ध आहेत.

प्रश्न: लाईनच्या वेगाला सरकारी मर्यादा असते आणि कंपन्या ती पाळतात असं सांगतात. मग कामगारांचे हात इतके कसे खराब होतात?

ती मर्यादा कामगारांच्या हातांसाठी घातलेलीच नाही. अमेरिकेत कोंबडीच्या लाईनसाठी नियमातला आकडा मिनिटाला 140 पक्षी असा आहे, खास परवानगी मिळालेल्या कारखान्यांना 175. डुकरांसाठी तासाला 1,106 हा जुना आकडा. दोन्ही आकडे कृषी खात्याच्या मांस तपासणीतून आले आहेत. निरीक्षकाला प्रत्येक धड नीट पाहता यावं एवढाच त्यांचा हेतू. शिवाय ते आतडी काढण्याच्या लाईनला लागू होतात. धड थंड करून झालं की पुढे तुकडे करणं, हाडं काढणं, चरबी छाटणं ही कामं येतात, आणि चाकू धरलेले बहुतेक हात तिथेच असतात. तिथे ही मर्यादा नाही.

म्हणून लाईनचा वेग विचारू नका. एका माणसाच्या हातून मिनिटाला किती नग जातात ते विचारा. समजा, हाडं काढायच्या लाईनवर मिनिटाला 36 सांगाडे येतात आणि एकच काप तीन जण वाटून घेतात. प्रत्येकाला 12 नग आले. एका नगाला चाकूचे तीन फटके धरले तर मिनिटाला 36 फटके, आणि सात तासांच्या निव्वळ कामात 15,120. आता तिघांपैकी एक गैरहजर आहे. उरलेल्या दोघांना 18 नग, 54 फटके, दिवसाला 22,680. कागदावर लाईनचा वेग दोन्ही दिवशी 36 च दिसतो. अमेरिकी कृषी खात्यानं करवून घेतलेला कोंबडी कारखान्यांचा अभ्यास जानेवारी 2025 मध्ये बाहेर आला. त्यात तपासलेल्या कामगारांपैकी 81 टक्क्यांना स्नायू-सांध्यांच्या आजाराचा धोका जास्त आढळला. त्या धोक्याचा संबंध आतड्यांच्या लाईनच्या वेगापेक्षा माणशी नगांच्या दराशी होता. कंपन्यांनी यातलं अर्धंच वाक्य उचललं, ‘वेगाचा दोष नाही’ एवढंच.

मोजायची रीत साधी आहे. हातात स्टॉपवॉच घ्या आणि तीन वेळा पाच-पाच मिनिटं मोजा: शिफ्ट सुरू झाल्यावर, जेवणाआधी आणि शेवटच्या तासात. नग मोजा, फटके मोजा, आणि दोन नगांच्या मधे हात किती सेकंद मोकळा राहतो तेही लिहा. हा मोकळा वेळ सगळ्यांत बोलका असतो. तो शून्यावर आला की स्नायू सैल पडायला जागाच उरत नाही. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी मोजलं तर खरं चित्र दिसेल, कारण गैरहजेरी तेव्हा जास्त असते.

काम आलटून-पालटून दिल्याचा दाखला कंपनी हमखास देते. तो तपासून घ्या. खांद्याच्या कापावरून मांडीच्या कापावर पाठवलं तरी तेच मनगट, तीच पकड. बदली तेव्हाच खरी, जेव्हा पुढच्या कामात चाकूच नसतो: पॅकिंग, वजन, ट्रे लावणं.

विश्रांतीबाबत सगळ्यांत विचारपूर्वक नियम ब्राझीलचा आहे, 2013 चा एनआर-36. लाईनवर सतत तेच काम करणाऱ्यांना 6 तासांपर्यंतच्या शिफ्टला 20 मिनिटं, 7 तास 20 मिनिटांपर्यंत 45, आणि 8 तास 48 मिनिटांपर्यंत 60 मिनिटं विश्रांती, तीही कामाच्या वेळेत धरून. एक विश्रांती 10 मिनिटांपेक्षा कमी नाही आणि 20 पेक्षा जास्त नाही. ती पहिल्या तासात देता येत नाही, जेवणाच्या सुट्टीला चिकटवता येत नाही आणि शिफ्टच्या शेवटीही टाकता येत नाही. ज्यानं हे शेवटचं कलम लिहिलं त्याला कारखाने चांगले ठाऊक असणार.

प्रश्न: माझा भाऊ परदेशात अशा कारखान्यात आहे. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. कारखान्याच्या दवाखान्यातून दर वेळी बर्फ आणि वेदनाशामक गोळी देऊन परत लाईनवर पाठवतात. हे बरोबर आहे का?

उपचार म्हणून अपुरं आहे. असं का होतं तेही समजून घ्या. अमेरिकी नियमांत कामावरची दुखापत किंवा आजार नोंदवहीत केव्हा चढवायचा ते ठरलेलं आहे. गरम-थंड शेक आणि डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या मात्रेतली गोळी यांना ‘प्रथमोपचार’ म्हणतात, मग ते कितीही वेळा दिले तरी. फक्त प्रथमोपचारावर भागवलं आणि काम बदललं नाही, सुट्टी दिली नाही, तर बहुधा नोंद होत नाही. डॉक्टरनं जास्त मात्रेचं औषध लिहिलं, काम हलकं करायला सांगितलं किंवा एक दिवस घरी बसवलं, की नोंद करावी लागते. वर्षाअखेरीचा कमी दुखापतींचा फलक अशा बर्फाच्या पिशव्यांवरही उभा असतो.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल, रात्री हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली नस दाबली जाण्याची, म्हणजे कार्पल टनेलची, शक्यता मोठी. करंगळी बधिर होत असेल तर दुखणं बहुधा कोपरापाशी आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं (नायॉश) साउथ कॅरोलायनातल्या एका कोंबडी कारखान्यात तपासणी केली तेव्हा 42 टक्के कामगारांत कार्पल टनेलचा पुरावा मिळाला. मेरीलँडमधल्या दुसऱ्या कारखान्यात 34 टक्के. तुमचा भाऊ एकटा नाही.

त्याला बाहेरच्या डॉक्टरकडे जाऊ द्या आणि नसेच्या वहनाची चाचणी मागायला सांगा. ‘हात दुखतो’ एवढंच सांगितलं तर मलम मिळेल. कामाचं नाव, कोणता हात, कोणती बोटं, मिनिटाला किती नग, कधीपासून, हे सगळं त्यानं लिहून न्यावं. दवाखान्यात गेल्याची प्रत्येक तारीख स्वतःच्या वहीत टिपावी आणि तक्रार लेखी देऊन तिचा फोटो ठेवावा. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधली तर झोप सुधारते. मात्र अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसायला लागला असेल तर पट्टीवर वेळ घालवू नये. नस सुकायला लागल्याची ती खूण आहे, आणि नंतर शस्त्रक्रिया केली तरी ताकद पूर्ण परत येईलच असं नसतं.

प्रश्न: मी एका प्रक्रिया कारखान्यात प्रशिक्षणार्थी सुपरवायझर आहे. वेग माझ्या हातात नाही. मी नेमकं काय बदलू शकतो?

चाकू. अगदी खरं सांगतो, तुमच्या अधिकारात बसणारी आणि उद्यापासून फरक पाडणारी ही एकच गोष्ट आहे.

बोथट चाकूनं तेच मांस कापायला जास्त जोर लागतो, पकड घट्ट होते, मनगट वाकतं, आणि चाकू घसरला की तोच जोर दुसऱ्या हातावर येतो. माणशी एक चाकू देऊन दिवसभर चालवणं हा खोटा काटकसरीपणा आहे. शिफ्टला निदान दोन, हाडाच्या कामाला तीन चाकू द्या. बोथट झालेला ठेवायला वेगळी जागा हवी आणि धार लावायला वेगळा माणूस हवा. लाईनवरच्या माणसानं ब्रेकमध्ये धार लावायची, ही पद्धत म्हणजे त्याच्या विश्रांतीची चोरी आहे.

स्टीलच्या दांडीबद्दल गैरसमज फार. दांडी धार लावत नाही, दुमडलेली धार सरळ करते. दोन्ही बाजूंनी तीन-चार हलके हात पुरतात. जोरात घासलं की धार उलट दुमडते. दांडीवर ओढूनही चाकू चालत नसेल तर तो दगडावर जायला हवा. साधी परीक्षा: कागदाचं पान हवेत धरून वरून कापून पाहा. अडकला, फाटला, तर चाकू बाजूला.

धार जाते कुठे तेही पाहा. हाडावर जाते हे सगळ्यांना माहीत असतं. पण कन्व्हेयरच्या स्टीलच्या कडेवर, जाळीच्या हातमोज्यावर आणि 82 अंशांच्या निर्जंतुक पाण्याच्या भांड्यात चाकू आपटून टाकल्यानंही ती तितकीच जाते. भांड्यात चाकू उभा राहील अशी खाच असलेली पट्टी बसवा.

जाळीचा स्टीलचा मोजा काप थांबवतो, पण बारीक टोकाचा भोसका पूर्ण थांबवेलच असं नाही. आणि बँड सॉसारख्या फिरत्या पात्याजवळ तो घालू देऊ नका. पातं जाळी पकडतं आणि हात ओढून घेतं.

यात थंडीही मिळवा. युरोपीय नियमांनुसार तुकडे करायच्या खोलीची हवा 12 अंशांच्या वर जायला नको आणि मांस 7 अंशांपर्यंत, कोंबडी 4 अंशांपर्यंत हवी. खोली थंड असणारच, त्यावर वाद नाही. पण बोटांच्या त्वचेचं तापमान 15 अंशांच्या खाली गेलं की बोटांचं कसब घसरतं आणि माणूस नकळत चाकू जास्त घट्ट धरतो. आतला सुती मोजा ओला झाला की तो ऊब देण्याऐवजी पळवतो, म्हणून सुके जोड हाताशी ठेवा. एकावर एक तीन मोजे चढवणं हा उपाय नव्हे, त्यानं पकडीचा जोर आणखी वाढतो. पंख्याचा झोत थेट मानेवर येत असेल तर देखभाल विभागाच्या मागे लागा. कापडी डक्टमधून हवा पसरवली तर खोली तेवढीच थंड राहते आणि माणसं कमी गारठतात.

प्रश्न: शीतगृहाजवळ कधीमधी अमोनियाचा वास येतो. सुपरवायझर म्हणतात, सवय होईल. धोका केव्हा समजायचा?

सवय होते, हाच धोका आहे. नाक थोड्याशा अमोनियालाही ओळखतं, पण काही वेळानं ओळखणं सोडतं. नायॉशची शिफारस दिवसभराच्या सरासरीला 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) आणि पंधरा मिनिटांसाठी 35 पीपीएम अशी आहे. 300 पीपीएमला जीव आणि आरोग्य तात्काळ धोक्यात आल्याचं मानतात. वास आला तर आकडा मीटरवर पाहून सांगा, असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

अमोनिया हवेपेक्षा हलका असला तरी मोठ्या गळतीत तो ओलाव्यासह पांढरं धुकं होऊन जमिनीलगत पसरतो. तेव्हा धुक्यातून पळू नका, वाऱ्याच्या आडव्या दिशेनं बाहेर पडा. डोळ्यांत गेला तर निदान 15 मिनिटं सलग पाण्यानं धुवा. साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी मारू नका, तो आणखी उसळून वायू होतो. बऱ्याच गळत्या शीतयंत्रणेतलं तेल काढताना होतात. त्या नळीला हात सोडताच आपोआप बंद होणारी स्प्रिंगची झडप आहे का, एवढं एकदा पाहून घ्या.

आणि ज्याला वासच नाही त्याची भीती जास्त बाळगा. 28 जानेवारी 2021 ला जॉर्जिया राज्यातल्या गेन्सव्हिल इथे कोंबडी गोठवण्याच्या यंत्रातून द्रव नायट्रोजन सांडला आणि 6 कामगार गेले. द्रवाची पातळी मोजणारी नळी वाकलेली होती, त्यामुळे यंत्र भरतच राहिलं. द्रव नायट्रोजनचं वायूत रूपांतर झालं की आकारमान सुमारे 700 पट होतं आणि खोलीतला ऑक्सिजन ढकलला जातो. अनेक जण आधीच्यांना पाहायला आत गेले आणि अडकले. द्रव नायट्रोजन वापरणाऱ्या खोलीत 19.5 टक्क्यांखाली ऑक्सिजन गेला की वाजणारा गजर हवा, आणि आत कुणी पडलेला दिसला तरी श्वसनयंत्राशिवाय कुणीही आत जायचं नाही, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवायला हवं.

बाहेर पडायची दारंही तपासा. 1991 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅम्लेट इथल्या कोंबडी कारखान्याच्या आगीत 25 जण मेले. दारांना बाहेरून कुलपं होती. 2013 मध्ये चीनच्या जीलिन प्रांतातल्या कारखान्यात सुमारे 120 जण गेले, तिथेही दारं बंद होती.

प्रश्न: हाडं काढणाऱ्यांविषयी बरंच लिहिलं जातं. रात्री सफाई करणाऱ्यांचं काय?

आमच्या मते या उद्योगातली सगळ्यांत वाईट नोकरी तीच. उत्पादनाची दुसरी शिफ्ट ओव्हरटाईममध्ये गेली की सफाईची वेळ सरकत नाही, आक्रसते, कारण पहाटेची तपासणी ठरल्या वेळेलाच असते. सहा तासांचं काम साडेचार तासांत उरकायचं म्हटल्यावर पहिली काट कुलूप लावण्यावर बसते.

यंत्र धुण्याआधी करायचं ते असं. यंत्र थांबवणं, वीज, हवेचा दाब, हायड्रॉलिक, वाफ यांतला प्रत्येक स्रोत तोडणं, प्रत्येक माणसानं स्वतःचं कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणं, साठलेला दाब सोडणं, वर उचललेला भाग टेकवणं, आणि शेवटी चालू करायचं बटण दाबून खरंच बंद आहे ना हे पाहणं. हे शेवटचं पाऊल गळतं आणि बोटं जातात. आपत्कालीन लाल बटण म्हणजे कुलूप नव्हे, कुणीही ते परत ओढू शकतं. एकाच कुलपावर पाच जणांनी काम करणं हाही नेहमीचा प्रकार.

रसायनांत एक चूक जीवघेणी आहे: क्लोरीनच्या द्रावणात आम्लधर्मी सॅनिटायझर मिसळणं. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. डबे वेगळ्या रंगाचे ठेवा आणि मधल्या धुण्याचं पाणी वाचवू नका.

हे काम बहुधा बाहेरच्या कंत्राटदाराकडे असतं, म्हणून अपघात झाला की कारखाना त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तो कारखान्याकडे. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्यानं अशा एका मोठ्या सफाई कंत्राटदाराला सुमारे 15 लाख डॉलर दंड केला. आठ राज्यांतल्या 13 कारखान्यांत 13 ते 17 वयाची 102 मुलं रात्रपाळीत करवती आणि डोकी फोडायची यंत्रं धूत होती. मुलामागे 15,138 डॉलर, तेव्हाच्या कायद्यातला कमाल दंड तेवढाच. एवढ्या मोठ्या कंत्राटाला तो फार बोचला असेल असं आम्हाला वाटत नाही.

प्रश्न: हजेरी लागल्यावर एप्रन, बूट, मोजे असं सगळं अंगावर चढवायला दहा-बारा मिनिटं जातात. त्याचा पगार मिळायला हवा का?

अमेरिकेत या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले गेले. 2005 च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की कामासाठी अत्यावश्यक साधनं चढवल्यानंतर लाईनपर्यंत चालत जाण्याचा आणि काम संपल्यावर ती उतरवायला थांबण्याचा वेळही कामाचाच. पहिलं साधन हाती येईपर्यंतची वाट मात्र त्यात नाही. 2016 च्या खटल्यात कंपनीनं मिनिटांची नोंदच ठेवली नव्हती. तेव्हा काही कामगारांचं निरीक्षण करून काढलेली सरासरी सगळ्यांसाठी पुरावा म्हणून चालली आणि ज्युरीनं दिलेले 29 लाख डॉलर कायम राहिले.

तिथे ‘गँग टाईम’ नावाची पद्धत होती: लाईनवर पहिला नग आल्यापासून शेवटचा जाईपर्यंतच पगार, वर कपड्यांसाठी ठरावीक चार-आठ मिनिटं. तुमच्याकडे असं काही आहे का ते पगाराच्या चिठ्ठीवरून कळेल. हजेरीच्या तासांत आणि पगाराच्या तासांत रोज ठरावीक फरक दिसतो. रोज 12 मिनिटं, आठवड्याला 6 दिवस, वर्षाला 50 आठवडे धरले तर 60 तास होतात. आठवड्याचे 40 तास आधीच भरत असतील तर अमेरिकी कायद्यानं ते दीडपट दराचे. चाकू, एप्रन, बूट यांचे पैसे पगारातून कापले आहेत का तेही पाहा. संरक्षक साधनांचा खर्च साधारणपणे मालकाचाच.

प्रश्न: काम इतकं अवघड, तर मजुरी वाढत का नाही? माणसं मिळेनाशी झाली की दर चढायला हवा ना?

एके काळी चढलेलाच होता. अमेरिकेत साधारण 1980 पर्यंत मांस कारखान्यांची मजुरी कारखानदारीच्या सरासरीहून वर होती, नंतर ती खाली गेली. 1960 च्या दशकात नव्या कंपन्यांनी कारखाने मोठ्या शहरांतून, म्हणजे मजबूत युनियनच्या गावांतून, काढून जनावरांजवळच्या लहान गावांत नेले. 1967 पासून अख्खी धडं पाठवण्याऐवजी तिथेच तुकडे करून खोक्यांत भरणं सुरू झालं. खाटकाचं कसब एकेका कापात वाटलं गेलं, आणि एक काप शिकवायला वर्षं लागत नाहीत. ज्याला लवकर बदलता येतं त्याला जास्त द्यावं लागत नाही. शिकागोचा जुना जनावरबाजार 1971 मध्ये बंद झाला. 1985 मध्ये मिनेसोटातल्या ऑस्टिनला तासाचा दर 10.69 वरून 8.25 डॉलरवर आणल्यावर मोठा संप झाला, आणि तो कामगार हरले.

दर वाढू न देण्याचे आणखीही मार्ग आहेत. 2022 मध्ये अमेरिकी न्याय खात्यानं तीन कोंबडी कंपन्यांवर आणि त्यांना आकडेवारी पुरवणाऱ्या सल्लागार संस्थेवर कारवाई केली. कोण किती मजुरी देतो याची माहिती एकमेकांना पुरवून दर दाबल्याचा आरोप होता. कंपन्यांनी 8 कोटी 48 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं.

जर्मनीनं दुसरं टोक पकडलं. जून 2020 मध्ये रेडा-वीडेनब्रुक इथल्या कारखान्यात दीड हजाराच्या आसपास कामगारांना कोविड झाला, तेव्हा पोटकंत्राटी भरती आणि गर्दीच्या खोल्या उघड्यावर आल्या. 1 जानेवारी 2021 पासून कत्तल, तुकडे आणि प्रक्रिया या कामांत पोटकंत्राटावर बंदी आली, 1 एप्रिलपासून भाड्यानं कामगार आणण्यावरही. 50 हून कमी माणसांच्या खाटीक व्यवसायांना सूट आहे. कामाची वेळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं नोंदवणं सक्तीचं झालं, कपडे बदलण्याच्या मिनिटांसह. आमच्या मते दंडापेक्षा हा उपाय चांगला, कारण बोट दाखवायला मधला माणूसच उरत नाही.

प्रश्न: शौचाला सोडत नाहीत म्हणून कामगार डायपर घालतात, हे खरं का?

ऑक्सफॅम अमेरिकेच्या 2016 च्या अहवालात कोंबडी कारखान्यांतल्या कामगारांनी तसं सांगितलं आहे. अमेरिकेत 1998 पासून सरकारी स्पष्टीकरण आहे की शौचालय नुसतं असून चालत नाही, गरज लागेल तेव्हा वापरू द्यायला हवं. अडचण बदली माणसाची असते. वीस-पंचवीस जणांमागे कुठल्याही जागी उभा राहू शकेल असा एक मोकळा माणूस ठेवला की बरंच सुटतं. पाणी पिणं कमी करू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घ्याल.

प्रश्न: गुरं कापण्याच्या विभागात नवीन लागणाऱ्यांना कोणत्या लसी घ्याव्यात?

धनुर्वाताची लस अद्ययावत हवी. क्यू ताप हा जनावरांकडून माणसाला होणारा संसर्ग. त्याची लस ऑस्ट्रेलियात मिळते आणि तिथल्या कत्तलखान्यांत ती देतात, पण आधी रक्त आणि त्वचेची चाचणी लागते. पूर्वी संसर्ग होऊन गेलेल्याला लस दिली तर तीव्र प्रतिक्रिया येते. ब्रुसेलोसिस या जनावरांकडूनच येणाऱ्या दुसऱ्या आजारावर माणसांसाठी वापरात असलेली लस नाही. तिथे भिस्त मोजे, चष्मा आणि जखम लगेच झाकण्यावर. गाभण जनावराची पिशवी हाताळणाऱ्यांना धोका सर्वांत जास्त. आठवड्याहून जास्त ताप, रात्रीचा घाम आणि कंबरदुखी असेल तर डॉक्टरला आपण कुठे काम करतो ते आधी सांगा, नाहीतर तपासण्या भलत्याच दिशेनं जातात.